राघूला 'आई' शिकवताना

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गावच्या बायका म्हणाल्या, कृष्णाकाठची पोर आटपाडीकडं दिली, आता ही पाणी प्यायला माहेरी येणार. त्यांना हसायला काहीतरी हवंच असायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जमीन बघितली नव्हती. मुलगा पलटणीत आहे एवढं बघितलं होतं. आमच्याकडं कराडच्या बाजूला दारात ऊस आणि पाटाला पाणी, तिकडं खडक, बाभळी आणि मेंढरं. पण माणसं चांगली होती. नवरा वर्षातून एकदा रजेवर यायचा, बाकी घरात थोरले दीर, थोरल्या जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं. माझं तिथं बरं चाललं होतं. बायकांच्या म्हणण्याप्रमाणं मी माहेरी आले खरी, पण पाणी प्यायला नव्हे.

मिरच्या वाळत घालायला मी माळवदावर चढले होते. माळवद म्हणजे तिकडच्या घराचं मातीचं सपाट छप्पर. घरातलं सगळं वाळवण त्याच्यावर होतं. उतरताना शिडी सरकली आणि मी जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर पाठ आपटून पडले. दुखलं नाही, हे मला अजून आठवतं. कमरेखाली काही लागतच नव्हतं, तर दुखणार काय? माझी मुलगी तेव्हा रांगत होती. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि मला आडवी पडलेली बघून खुदकन हसली. मी तिच्याशी खेळतेय असं तिला वाटलं असणार.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मणका मोडलाय, आतली शीर दबलीय, पण तुटलेली दिसत नाही. उताणं पडून राहायचं. किती दिवस, असं आबांनी विचारलं, तर म्हणाले, सांगता येत नाही. पुन्हा चालेल का, याचंही उत्तर तेच. तिथून मला सरळ माहेरी आणलं. आमच्यात रीतच तशी होती. सून अंथरुणाला खिळली की तिचं माहेरच्यांनी बघायचं आणि लेकरू मात्र त्या घरचं, ते सासरी राहायचं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. जाऊबाईंनी माझ्या मुलीला आपल्या दोन मुलांत तिसरी म्हणून घेतली आणि निरोप धाडला, पोरीची काळजी करू नको. काळजी करण्यावाचून मला दुसरं काही करताही येत नव्हतं. छातीत दूध दाटून यायचं. आई ते वाटीत काढायची आणि पायदळी जाऊ नये म्हणून परसातल्या पारिजातकाच्या बुंध्याशी ओतायची.

सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, माझी फळी टाकली होती. पडल्या माणसाला घरात मत नसतं. कण्या खायच्या की भात, दार उघडं की लावलेलं, पांघरूण अंगावर की बाजूला, सगळं दुसरे ठरवत. उशीला घासून केसांच्या जटा झाल्या, तेव्हा आईनं कात्री आणली आणि कानापर्यंत कापून टाकले. कापताना ती रडली, मी रडले नाही. बघायला येणाऱ्या बायका माझ्या पोटऱ्यांना चिमटे काढून बघायच्या, काही लागतंय का म्हणून. एकीनं तर डोक्यातला आकडा काढून टोचला. मला राग यायचा, पण पडल्या पडल्या रागावलेल्या माणसाला कोण भितं? बाया म्हणायच्या, बिचारी चिडचिडी झालीया.

अशात सासरकडचे एक नात्यातले म्हातारे बैल बघायला आमच्या बाजूला आले आणि वाटेवर मला भेटून गेले. चांगले होते बिचारे, येताना मूठभर बोरं आणली होती.

"पोर लय गुणाची हाय तुझी," ते म्हणाले. "चालतीया, बोलतीया. आई म्हनती."

"कुणाला?" मी विचारलं.

"कुणाला म्हंजे? थोरलीला. तिची पोरं म्हनत्यात, तशी ही बी म्हनती."

ते बोरं ठेवून गेले. मी पडले तेव्हा माझी मुलगी बोलत नव्हती. म्हणजे तिनं मला अजून कसलीच हाक मारलेली नव्हती. मला दाखवून कुणी तिला सांगणार, ही तुझी आई, तर दाखवायला मी तिथं नव्हते. मला जाऊबाईंचा राग आला नाही, उलट राग यावा असं त्यांनी काही करायला हवं होतं असं वाटलं. उठता आलं नाही तर नाही, पण माझ्या मुलीनं मला आई म्हणावं, एवढं एकच मला त्या फळीवर पडून हवं होतं. आणि त्यासाठी बोटही हलवायची सोय नव्हती.

मी जेवायचं सोडलं. ठरवून नाही, घास तोंडात फिरायचा आणि खाली उतरायचा नाही. आबा दोन-तीन दिवस नुसतेच आत-बाहेर करत राहिले, मग म्हणाले, "हिला एक राघू घिऊ. जीव रमंल."

आई म्हणाली, "पोरीला खायला घालू का राघूला?" पण आबांनी बाजारातल्या पाखरंवाल्याला सांगून ठेवलं होतं. तो तीन पिंजरे घेऊन सोप्यात आला. आबा मला म्हणाले, "अक्का, तूच निवड." घरात मी थोरली, म्हणून आईपासून गड्यांपर्यंत सगळे मला अक्का म्हणायचे. पडल्यापासून 'तू निवड' असं मला पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं.

आता उताण्या बाईनं राघू निवडायचा कसा? पाखरंवाला एकेक पिंजरा माझ्या तोंडावर धरायचा. मला दिसायचं ते खालून: पाय, पोट आणि शेपटीची मागची बाजू. एकानं माझ्या पांघरुणावर शिटून घेतलं. पहिलं पिल्लू होतं, अंगावर निम्मीच पिसं. ते लवकर शिकतं म्हणे. दुसरा गळ्यात काळा गुलाबी कंठ असलेला. तिसरा मोठ्या चोचीचा. त्याच्या खांद्यावरचा लाल ठिपका दाखवून पाखरंवाला म्हणाला, "ह्यो करण जातीचा हाय, आबा. माणसावानी बोलंल."

आईनं जवळ येऊन पदराचं टोक जिभेला लावलं, पिंजऱ्यात बोट घातलं आणि ठिपका पुसला. पदर लाल झाला. "करण न्हवं, कुंकू हाय ह्ये," ती म्हणाली आणि त्या माणसाची जी खरडपट्टी सुरू केली, ती गल्लीपर्यंत ऐकू जात होती.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. आमच्या उसाला जतकडची टोळी तोडायला आली होती, त्यातली. दुष्काळाचं साल होतं, ऊसच कमी, त्यामुळं कारखान्याचा हंगाम लवकर आटपला होता आणि टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती. तिच्या हातात तारेचा वाकडा-तिकडा पिंजरा आणि त्यात एक राघू. शेपटी तुटकी, मानेवरची पिसं उडालेली. मालकांच्या घरी राघू घ्यायचा चाललाय, हे तिच्या कानावर गेलं होतं.

"ह्यो घ्या की, अक्का," ती मला म्हणाली. "आमी गावाकडं जात न्हाई, खडी फोडाय जातावं. तितं मानसाला पानी न्हाई, पाखराला कुटलं?"

"बोलतो का?" आबांनी विचारलं.

ती काही बोलायच्या आत राघूनंच मान वर केली आणि लांबून, शेताच्या कडेवरनं मारावी तशी हाक मारली. "आयेऽ."

ती बाई खाली बघत म्हणाली, "पोरं पाचटाच्या कोपीत निजलेली ठिवून आमी पाटंचं तोडाय जातो. उठली की अशी हाका मारत्यात. आमी लांब असतोय. ह्यो तेवढा आयकतोय."

सगळ्यांनी मला समजावलं. पाखरंवाला आईच्या तडाख्यातून सुटायला बघतच होता, तो म्हणाला, "म्हातारं पाखरू हाय, अक्का. त्येच्या जिभंला आता नवं वळण लागत न्हाई." आबा म्हणाले, पिल्लू घे, हौसेनं वाढवशील. आई म्हणाली, ह्याच्या पिसांचीच कळा बघ. मी म्हटलं, "हाच." का, ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. माझा बेत असा होता की कधीतरी माझ्या मुलीला मला भेटवायला आणतील, तेव्हा हा राघू माझ्या डोक्यावर बसून आये, आये करेल. लहान मूल पाखराचं ऐकतं. पाखरू जिला आई म्हणतंय, ती आई, एवढं तिला कळेल. धडधाकट माणसाला हा खुळेपणा वाटेल. पण आडवं पडून सुचतं ते असंच असतं.

आईनं त्या बाईच्या ओट्यात ज्वारी घातली, आपलं एक लुगडं दिलं. बाईनं पिंजऱ्यात बोट घातलं. राघूनं ते चोचीत धरलं, चावला नाही, नुसतं धरून ठेवलं. ती कानडीत त्याला काहीतरी म्हणाली. मला ते कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. बोट सोडवून घेऊन ती भराभरा निघून गेली.

पिंजरा तुळईला, माझ्या डोळ्यांसमोर टांगला. आणि राघूची वाचा बसली. डाळ खायचा, मिरची सोलून आतल्या बिया तेवढ्या खायचा, पण तोंडातून शब्द नाही. थोराड पाखराला जागा पालटली की ते मुकं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, त्याला आईनं हाकलून दिलं होतं. मी वाट बघितली. दोघंही दिवसभर एकमेकांकडं बघत पडून असायचो, म्हणजे मी पडून आणि तो टांगून. कधी कधी त्याची मला इतकी चीड यायची की वाटायचं, उठून याचा पिंजरा उकिरड्यावर टाकावा. पण उठून म्हटलं की संपलंच सगळं.

शेवटी मीच शिकवायला लागले. सकाळी आबा रानात गेले की सुरू करायचे. "आई. म्हण, आई. आई." चांगली मोठ्यानं, कारण पाखराच्या कानाला मोठा आवाज लागतो असं ऐकलं होतं.

पहिल्या दिवशी आई चुलीपुढनं धावत आली. हात पिठाचे, कपाळावर घाम. "काय गं अक्का?"

"काही न्हाई," मी म्हटलं.

ती आत गेली. मी जरा दम खाऊन पुन्हा सुरू केलं. ती पुन्हा आली. "काय गं अक्का? पाणी देऊ?" आता काय सांगायचं? तुला नव्हे, राघूला, असं म्हटलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं, आणि ते मला तोंडानं बोलवत नव्हतं. म्हणून मी पाणी घ्यायची. कधी म्हणायची कूस बदल, कधी माशी हाकल. ती धुणं टाकून यायची, भाकरी तव्यावर टाकून यायची. तिचे गुडघे दुखायचे. माझं सगळं हगणं-मुतणं तीच काढत होती, वरनं या हाका. मला ते दिसत होतं आणि तरी मी थांबत नव्हते. मला तो एक शब्द हवा होता.

एकदा दुपारी ती परसात शेणी थापत होती. मी हाक मारली, म्हणजे राघूला शिकवलं. ती आली ती भिंतीला धरून आली आणि माझ्या फळीच्या कडेला खाली बसली.

"अक्का," ती म्हणाली, "तू हाक मारलीस की मला वाटतं तुझं काय बरंवाईट झालं. असं किती डाव मारशील गं मला?"

मग मी सांगितलं. राघू का निवडला, ते म्हातारे काय बोलले, माझी मुलगी कुणाला आई म्हणते, सगळं. सांगताना मला हुंदका आला. उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं. आईनं पदरानं माझे कान पुसले.

"तू मला काय म्हणत हुतीस, ठाऊक हाय?" ती म्हणाली. "वयनी. तुझे काका-आत्या म्हणायचे, तशी तू बी. साळंत जायला लागलीस तरी वयनीच. साळंतल्या पोरी हसल्या, तवा कुटं आई म्हणाय लागलीस."

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. एकत्र घरात मुलं अशीच बोलायला शिकतात, बाकीचे हाक मारतात तीच हाक. अर्ध्या गावात आईला वहिनी नाहीतर काकी म्हणणारी माणसं होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

"तुला काय वाटलं न्हाई?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय," ती म्हणाली. मग तिनं गुडघ्यावर हात दाबला. "वाटायचं. पर सांगायचं कुणाला? दीर-नणंदांस्नी सांगू, मला वयनी म्हणू नगा म्हणून?"

तिनं त्या दिवसापासून माझं काम आपल्याकडं घेतलं. कामातनं सवड झाली की ती हिरवी मिरची घेऊन पिंजऱ्याखाली उभी राहायची. "आई म्हण. म्हण की मुडद्या, आई." राघू मिरची घ्यायचा. मी खाली पडून ऐकायचे. आम्ही दोघी मिळून एका तुटक्या शेपटीच्या पाखरापुढं आई, आई करत होतो, आणि आबांना वाटत होतं की लेकीचा जीव रमला.

पावसाळा निघून गेल्यावर एका सकाळी राघू बोलला. मी जागी होते. चुलीपुढनं आईची भांडी वाजत होती, म्हणजे ती तिथंच होती; आणि तिचा आवाज माझ्या डोक्यावरनं आला. दमलेला, जरा धापेचा, काळजीनं भरलेला.

"काय गं अक्का?"

पाठोपाठ पुन्हा. "काय गं अक्का?"

आई आतनं आली, पिंजऱ्याकडं बघितलं आणि दाराच्या चौकटीला टेकून राहिली. आम्ही एवढे दिवस एक शब्द शिकवत होतो आणि त्यानं आम्हाला न विचारता दुसराच घेतला. मी हाक मारायची, ती धावत यायची, दर वेळी हेच तिच्या तोंडी. जी गोष्ट जिवाच्या आकांतानं म्हटली जाते तीच पाखरू उचलतं की काय, कुणास ठाऊक. मला हसूही आलं आणि हताशही वाटलं. आता हे त्याच्या तोंडून काढायचं कसं, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

माझ्या पायांत तोवर मुंग्या यायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले चांगलं लक्षण आहे. दिवाळीनंतर पाठीला वाकळांचा ढीग लावून मला बसवता यायला लागलं, आणि जाऊबाई माझ्या मुलीला घेऊन आल्या. एसटीत सगळ्या वाटेनं त्यांनी तिला पढवलं होतं, आईकडं चाललोय, तुझ्या आईकडं. त्या बाईत खोट नव्हती, हे मी कुठंही सांगेन.

मुलगी त्यांच्या लुगड्याच्या निऱ्यांत तोंड खुपसून उभी राहिली. केसांना तेल, दोन शेंड्या, पायात वाळे. माझे कापलेले केस, खोल गेलेले डोळे. तिनं एकदा डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटून घेतला. जाऊबाई म्हणाल्या, "जा की, आई हाय ती." ती हलली नाही. मी हात पुढं केला, पण तो तिच्यापर्यंत पोचत नव्हता आणि मला पुढं सरकता येत नव्हतं. कुणी तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवली असती, पण मीच नको म्हटलं. ओरडली असती.

तेवढ्यात वरनं आवाज आला, "काय गं अक्का?"

मुलीनं तोंड बाहेर काढलं. राघूला बघून हसली, उंबऱ्यात हसली होती तशीच. त्यानं पुन्हा म्हटलं. ती दोन पावलं पुढं आली, आधी पिंजऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बोट माझ्याकडं करून म्हणाली, "अक्का."

"अक्का न्हवं गं," जाऊबाई घाईनं म्हणाल्या. "आई म्हण. आई हाय ती तुझी."

मुलीला ते कळेना. तिनं मागं जाऊन जाऊबाईंचं लुगडं मुठीत धरलं आणि त्यांची चूक सुधारावी तशी म्हणाली, "आई ही."

जाऊबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझी आई आतल्या दारात उभी होती, ती माझ्याकडं बघत होती, त्यांच्याकडं नाही. मी काय म्हणते याची ती वाट बघत होती. मी म्हटलं, "असू दे, जाऊबाई. म्हणू दे तिला."

त्या मुक्कामाला राहिल्या. दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत मुलगी माझ्या फळीजवळ येऊन राघूला डाळ घालायला लागली होती. पुढं मी काठी घेऊन चालले, सासरी परत गेले, तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं. तिच्या तोंडातली हाक बदलली नाही आणि मी बदलायला गेले नाही. शाळेतल्या पोरी तिला हसल्या असतील, तर तिनं ते मला सांगितलं नाही. जाऊबाई वारल्या तोवर तिची आई त्याच होत्या.

पण निघायच्या त्या दिवशी दुपारी आबांनी गाडी जुंपली, जाऊबाई तिला घेऊन मागं बसल्या. सोप्यातून मला दाराचा तुकडा आणि गाडीचं एक चाक दिसत होतं, ती दिसत नव्हती. गाडी हलली आणि तिनं हाक मारली, "अक्का." मी म्हटलं, "ओ." तिला ती गंमत वाटली असावी, तिनं पुन्हा मारली, मी पुन्हा ओ दिली. गाडी पाटाच्या वळणाला लागेपर्यंत ती हाका मारत होती, दर वेळी थोडी लांबून. उठून दारापर्यंत जाणं माझ्या हातात नव्हतं. ओ देणं तेवढं होतं, ते मी देत राहिले.